टँकवरची कबुली

१

लुएला प्रॉक्टरचा फोन आला तेव्हा मी कचेरीत खुर्चीवर पेंगत होते. मर्सी वेल्समधली ऑगस्टची दुपार अशीच असते. डोक्यावर पंखा कुरकुरतो, खिडकीबाहेर डांबरी रस्त्यावर नसलेलं पाणी लकाकतं, आणि माणूस जागा आहे की झोपलेला हे त्याचं त्यालाही कळत नाही. त्यामुळे तिचं बोलणं मला आधी स्वप्नातलंच वाटलं.

"इनेझ, माझ्या टँकवर गायी मरून पडल्यात. ये."

एवढंच. लुएला शब्द खर्च करत नाही. गावात ते काम माझ्याकडे आहे, कारण इथलं साप्ताहिक मी चालवते.

आमच्या पश्चिम टेक्सासात गुरांच्या तळ्याला टँक म्हणतात. मातीचा बांध घातला, मागे पाणी साठलं, की झाला टँक. लुएलाच्या टँकला तळातून झरा आहे, आणि आसपास दुसरं गोड पाणी नाही. बाकी जमिनीखाली आहे ते तेल, आणि तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी, समुद्रालाही लाजवेल असं. ते टँकरनं गोळा करायचं आणि पुन्हा खोल जमिनीत सोडून द्यायचं, हा इथला मोठा धंदा. ह्यूस्टनच्या एका कंपनीचा तसा एक जुना तळ लुएलाच्याच रस्त्यावर, पुढे आहे. आता त्यांना नवा तळ हवा होता, तिच्या कुंपणाला लागून, टेकाडावर. लोखंडी टाक्या, टँकर रिकामे करायचे ओटे, भोवती बांध, सगळं आलं. परवान्याची जाहीर नोटीस मीच छापली होती आणि लुएलानं तिच्यावर हरकत घेतली होती. टेकाडावर काही सांडलं की उतारानं सरळ माझ्या झऱ्यात येणार, असं तिचं म्हणणं. सोमवारी कोर्टाच्या हॉलमध्ये सुनावणी होती.

मी पोचले तेव्हा तीन गायी काठाच्या चिखलात आडव्या पडल्या होत्या. दुष्काळानं आटून टँक अंगणाएवढा उरला होता. पाणी इतकं नितळ की तळातले दगड दिसत होते, आणि काठाला पांढरी रेघ होती, शर्टावर घाम सुकतो तशी. लुएला हॅट छातीशी धरून उभी होती. नवरा गेला तेव्हाही ती अशीच उभी होती, आणि तेव्हासारखंच मला तिच्याजवळ जाववेना.

डेप्युटी कॉय लेडबेटर बोट बुडवून चाखत होता आणि थुंकत होता. "खारट ढाण, मिस इनेझ."

कंपनीचा प्रेस्टन हेल एका बाजूला उभा होता. परवान्याची सगळी उठाठेव त्याच्याकडे. बूट असे चकचकीत की चिखलाला लाज वाटावी. लुएला त्याच्याकडे वळली.

"काल माझ्या रानातून तूच गेलास ना झेंडे रोवायला?"

"हो मॅडम. हद्दीची मोजणी होती. तुम्हाला कळवलं होतं."

"मधलं गेट उघडं टाकून गेलास. गेट जसं सापडेल तसं ठेवायचं असतं. बंद सापडलं तर बंद, उघडं सापडलं तर उघडं. एवढंही ह्यूस्टनला शिकवत नाहीत?"

"बंदच होतं, मॅडम. मी उघडलं, परत येताना लावणार होतो, पण दुसऱ्याच वाटेनं..." त्यानं बुटांकडे पाहिलं. "माझं चुकलं."

"तुझं चुकलं," लुएला म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. मला बरं वाटलं. रडली असती तर आणखी बरं वाटलं असतं.

तेवढ्यात कॉयचा वायरलेस खरखरला. त्यानं ऐकलं, हॅट डोक्यावर ठेवली. काल संध्याकाळी कंपनीचा एक टँकर या रस्त्यानं जाताना दिसला होता, आणि त्याच्या ड्रायव्हरला गावात अडवून ठेवलं होतं.

२

ड्रायव्हरचं नाव अल्सीद थिबोडो. मूळचा लुइझियानाचा, नोकरीवर येऊन पुरते दोन पगारही झाले नसतील. भलामोठा माणूस, पण शेरीफच्या कचेरीतल्या त्या लहान खुर्चीत असा अंग चोरून बसला होता की खुर्चीलाच दुखेल. कॉयला मला बाहेर काढायची हिंमत झाली नाही. त्याच्या आईबरोबर मी चर्चमध्ये गाते.

"काल संध्याकाळी टँकवर गेला होतास?" कॉयनं विचारलं.

"गेलो होतो, सर."

"गाडी भरलेली होती?"

"गळ्यापर्यंत."

"आणि तिथे रिकामी केलीस?"

"केली ना. शेवटच्या थेंबापर्यंत. मी अर्धवट काम करत नाही, सर."

कॉयनं माझ्याकडे पाहिलं. एवढा सरळ गुन्हेगार त्याला उभ्या जन्मात भेटला नव्हता.

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? त्यासाठीच तर असतो टँक."

कॉयच्या कानशिलाची शीर उडाली. तो रँचवर वाढलेला आहे. त्याच्या बापाचा टँक एका उन्हाळ्यात आटला तेव्हा त्यांनी सगळी गुरं विकली होती. त्यानं अल्सीदला हात धरून उठवलं आणि आतल्या कोठडीत नेलं. दार लागलं तेव्हा अल्सीद एवढंच म्हणाला, "माझ्या पोरीला फोन तरी करू द्या. ती वाट बघत बसेल."

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. कॅफेत लोक आइस्ड टी ढवळत म्हणत होते, बघा, परवाना मिळायच्या आधीच ही तऱ्हा. कंपनीनं अल्सीदला कामावरून काढलं, तेही फोनवर. सोमवारी परवान्याचं काय होणार हे कुणी सांगायची गरजच नव्हती.

मीही खूश व्हायला हवं होतं. पण कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटत राहिलं. चोरून घाण टाकणारा माणूस शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली म्हणून मिरवतो कशाला?

दुसऱ्या दिवशी ऑस्टिनहून राज्याची तपासनीस आली, आणि आल्या आल्या तिनं विचारलं, "त्या पाण्याचा वास कुणी घेतला का?"

३

कुणीच घेतला नव्हता.

डेल्फिना बाएझा ही पेकोसकडची बाई. बोलणं संथ, चालणं संथ, डोळे कायम अर्धे मिटलेले. पहिल्या भेटीत मला वाटलं, राज्यानं झोपेतून उठवून पाठवलीय हिला. नव्या तळाची जागा पाहायला ती आधीही एकदा येऊन गेली होती, पण तेव्हा कुणाशी दोन शब्द बोलली नव्हती. मी तिला माझ्या पिकअपमधून टँकवर नेलं. ती बांधावर पाय सोडून बसली आणि नुसती बघत राहिली. ऊन चढलं. दूरच्या रानात तेलविहिरींची डोकी वरखाली होत होती आणि हवेत लहरी उठत होत्या. कुठे जमीन संपते आणि कुठे आभाळ सुरू होतं ते दिसेना. माझा डोळा लागला असावा, कारण जागी झाले तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी होती.

"मिस इनेझ, तेलविहिरीचं पाणी तुम्ही हुंगलंय?"

"इथे जन्म गेला माझा. रॉकेल आणि सडकी अंडी."

"आणि वर रंगीत तवंग. इथे वासही नाही, तवंगही नाही." तिनं जीभ ओठांवरून फिरवली. "हे नुसतं मीठ आहे. गुरांच्या चाऱ्यात घालतात ते, गोणीतलं. प्रयोगशाळा सांगेलच, पण माझी जीभ आधी सांगते."

"मग अल्सीद? त्यानं तर कबूल केलंय."

"तीच मौज आहे. चला, त्या माणसाला भेटू."

कोठडीत अल्सीद भिंतीला टेकून बसला होता. कॉय दारात हाताची घडी घालून उभा. डेल्फिनानं अल्सीदला एकच प्रश्न विचारला.

"त्या टँकचा रंग कोणता रे?"

"हिरवा, मॅडम. पण खालून गंजलाय. मी त्यांना सांगितलंसुद्धा, एक दिवस फुटेल."

कॉयनं हाताची घडी सोडली. "टँकला गंज?"

"लोखंड आहे, सर. गंजणारच."

डेल्फिना मवाळपणे म्हणाली, "लुइझियानात गुरं पाणी कुठे पितात?"

"तळ्यावर."

"आणि त्याला टँक म्हणत नाहीत?"

"तळ्याला टँक कशाला म्हणतील?" अल्सीदनं आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की वेडे आम्हीच. मग त्याला हळूहळू उमगलं, आणि त्याचा रंगच उडाला. "अरे देवा. तुम्ही मला तळ्याचं विचारत होतात?"

जुन्या तळावरच्या हिरव्या टाकीत त्यानं रोजच्यासारखा टँकर रिकामा केला होता. रस्ता तोच, शब्द तोच. कॉय कानापर्यंत लाल झाला. तो वाईट पोरगा नाही, फक्त टँक म्हटलं की त्याला बापाचं कोरडं तळं दिसतं.

"सोडतोस ना मग त्याला?" मी म्हटलं.

"मी सोडेन हो, मिस इनेझ. पण शेरीफ म्हणतात, गाव पेटलंय. खरा माणूस दाखवा, मग कुलूप काढू."

४

टेकाडाचा मालक ओटिस ग्रुब. तळ झाला तर जन्मभर भाडं त्याला, म्हणून लुएलाच्या हरकतीपासून तो तिला पाण्यात पाहायचा. आम्ही गेलो तेव्हा तो घराच्या ओट्यावर अक्रोडासारखे पीकन सोलत होता.

"आलात? मला वाटलंच, फिरून फिरून माझ्यावरच येणार," तो म्हणाला. "बसा. पीकन खा."

"कुणी गोणीतलं मीठ ओतून तिचं पाणी खारं केलं, तर तिच्या हरकतीत काय उरतं?" डेल्फिनानं विचारलं. "वाचवायला गोड पाणीच नाही. तुमचा फायदा."

"काय डोकं चालतं हो तुमचं. माझं एवढं चाललं असतं तर मी शेरीफ झालो असतो." त्यानं टरफल फुंकलं. "आणि मला करायचंच असतं तर मी दुकानात मीठ घ्यायला जाईन? या मुलखात खारं पाणी फुकट वाहतंय. एक टँकरवाला गाठला असता, झालं काम."

डेल्फिना चक्क हसली. "अगदी बरोबर. हेल साहेबांचंही तेच. ज्याच्या हातात टँकर आहेत तो गोण्या कशाला फोडेल?"

मी म्हटलं, "मग उरलं कोण?"

ती उठून चालू लागली. पिकअपमध्ये बसल्यावर म्हणाली, "मला ते मधलं गेट दाखवा."

गेट लुएलाच्या पश्चिमेच्या कुरणाचं. ते ओलांडलं की गुरं टँकवर जातात. गेटाच्या अलीकडे झाडाखाली एक जुना, चिनीमातीचा न्हाणीचा टब पडलेला आहे. लुएलाच्या सासूचा. उगाच पडून असतो, पालापाचोळा भरून. त्या दिवशी मात्र तो धुतलेला होता आणि अर्धा पाण्यानं भरलेला. पाण्यात आभाळ होतं, एक ढग होता, आणि कडेला गायींच्या खुरांनी केलेला चिखल. डेल्फिनानं ओंजळ भरली, हुंगली, आणि माझ्यापुढे धरली.

क्लोरीन. गावच्या नळाचं पाणी. लुएला ते पिकअपमधून घरी नेते, प्यायला.

"मिस इनेझ, दुष्काळ आहे. गुरांना एकच पाणी. त्या पाण्याच्या वाटेवरचं गेट कुणी बंद करेल का?"

"गायी मारायच्या असल्या तरच."

"किंवा वाचवायच्या असल्या तर. हेल साहेब आले तेव्हा गेट बंद होतं, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणजे पाणी खराब आहे हे कुणाला तरी आधीच माहीत होतं. त्या माणसानं गुरं अलीकडे कोंडली, त्यांना टब भरून दिला, आणि त्या दिवशी तो घरी थांबला नाही. थांबला असता तर उघडं गेट त्याला दिसलं असतं."

ढग टबातून सरकत गेला. मला बुधवार आठवला, मोजणीचा दिवस. आम्ही डॉमिनो शनिवारी खेळतो, कायम शनिवारी. पण त्या बुधवारी लुएला सकाळीच माझ्या दारात आली, एकटीला उकाड्यात करमत नाही म्हणाली, आणि जेवणखाण करून दिवेलागणीला गेली. एकही डाव जिंकली नाही. लुएला, जी मला दर शनिवारी रडवते.

"तुम्हाला माहीत आहे," डेल्फिना माझ्याकडे न बघता म्हणाली.

मला ते माहीत नको होतं. मी तिथेच टबाच्या कडेवर बसले आणि मुसमुसून रडले.

५

लुएला टँकवरच होती. गायी ओढून नेल्या होत्या, तरी ती त्याच जागी बसली होती. सूर्य खाली आला होता आणि खारं पाणी गुलाबी दिसत होतं. मी तिच्या शेजारी बसले. डेल्फिना थोडी दूर उभी राहिली.

"इनेझ," लुएला म्हणाली, "तू टब पाहिलास."

"पाहिला."

"मी रोज भरणार होते. सोमवार होईपर्यंतच." ती हाताच्या रेघा पुसल्यासारखी तळवे चोळत होती. गोण्या उचलून ते सोलवटले होते. "त्यांचा बांध, त्यांची प्लॅस्टिकची अस्तरं, सगळं कागदावर झकास आहे ग. पण पाणी कागद वाचत नाही. आज ना उद्या ते झऱ्यात उतरलंच असतं. मी म्हटलं, मग आधीच दाखवू या लोकांना. झरा वाहता आहे, वर्षभरात धुऊन काढेल. गायींना मी कोंडलं होतं, इनेझ. मी गेट नीट लावलं होतं. साखळी घालून."

"ठाऊक आहे मला."

"डेझीला वासरू होणार होतं."

मी तिचा हात धरला.

डेल्फिना जवळ आली. "मिस लुएला, तो ड्रायव्हर अजून आत आहे."

"मला वाटलं, कंपनीवर जाईल," लुएला म्हणाली. "कंपनीवर. एका माणसावर जाईल असं मनातसुद्धा आलं नाही. काल रात्री त्याच्या पोरीचं ऐकलं आणि मला अन्न गेलं नाही." ती उठली, हॅट झटकली. "पण मी बोलले तर माझी हरकत गेली. टेकाडावर टाक्या उभ्या राहतील."

"कदाचित," डेल्फिना म्हणाली. "ते मी तुम्हाला आज सांगू शकत नाही. तुम्ही आधी ठरवा."

लुएला टँककडे बघत राहिली. इतका वेळ, की मला पुन्हा सगळं स्वप्नातलं वाटू लागलं. मग ती म्हणाली, "इनेझ, तुझी गाडी काढ. शेरीफ सातला जेवायला जातो."

अल्सीद त्याच संध्याकाळी सुटला. आणि सोमवारी, भरलेल्या हॉलमध्ये, लुएलानं तीच गोष्ट पुन्हा सांगितली, कुणी विचारायच्या आत, उभं राहून. लोक तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ओटिस ग्रुबसुद्धा हसला नाही. ती म्हणाली, "माझी हरकत मी मागे घेते. मला आता ती घ्यायचा हक्क नाही," आणि खाली बसली.

मग डेल्फिना उठली. तिच्या त्या संथ आवाजात तिनं सांगितलं की टेकाडाचा उतार झऱ्याकडे आहे हे तिनं पहिल्याच फेरीत पाहिलं होतं. हरकत असो वा नसो, ओटे आणि टाक्या टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला गेल्या तरच परवाना, नाहीतर नाही. प्रेस्टन हेलनं मान डोलावली. हॉलमधून बाहेर पडताना लुएलानं तिला गाठलं.

"हे तू आधीच ठरवलं होतंस?"

"हो, मिस लुएला."

"माझ्या मिठाच्या आधी?"

"आधी."

लुएलानं हॅट डोक्यावर ठेवली. मी तिला घरी नेलं.

राज्याचा हुकूम झाला की टँकमधलं खारं पाणी उपसून रीतसर जिरवायचं, म्हणजे झरा नव्यानं भरेल. खारं पाणी जिरवायची जागा या भागात एकच, कंपनीचा जुना तळ. कंपनीनं टँकर पाठवला, आणि झाल्या गोष्टीची लाज म्हणून अल्सीदला परत कामावर घेऊन त्यालाच. मी आणि कॉय बांधावर उभे होतो. नळीनं पाणी ओढलं जात होतं, तळातले दगड एकेक उघडे पडत होते, आणि मधोमध, बोटाएवढी, झऱ्याची धार हलताना दिसली.

"कुठे रिकामी करणार?" कॉयनं विचारलं, आणि विचारल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली.

"टँकवर, सर," अल्सीद म्हणाला. "हिरव्या."

गाडी भरली. अल्सीदनं ती मधल्या गेटातून बाहेर काढली, थांबवली, आणि तो खाली उतरला. गेटापाशी लुएला उभी होती. इतका वेळ ती त्याच्यासमोर आलीच नव्हती. त्यानं टोपी काढली.

"मॅडम, मला इथली रीत नीट ठाऊक नाही. हे उघडं ठेवू की लावून घेऊ?"

लुएलानं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागे, कुरणात उभ्या असलेल्या गायींकडे.

"लावून घे, बाळा," ती म्हणाली. "पाणी गोड झालं की मी उघडेन."